बोकड सोलण्यासाठी आणि मटण तयार करण्यासाठी सुरी कशी निवडावी?

बोकड आठ-दहा महिने सांभाळून चांगल्या वजनाला आणला तरी त्याच्या किमतीतला काही भाग शेवटच्या दोन तासांत वाया जाऊ शकतो. कातड्याला भोके पडतात, आतडी फुटून मटणाला वास लागतो, हाडाचे बारीक तुकडे मांसात मिसळतात, नाहीतर सोलणाऱ्याचाच हात कापतो. बहुतेक वेळा याचे कारण एकच असते. घरातला एकच कोयता किंवा मोठा सुरा घेऊन सगळी कामे केली जातात.

जत्रा, लग्नकार्य किंवा सणासाठी गावातच मटण तयार करणारे शेळी-मेंढीपालक आणि थेट मटणविक्रीचा विचार करणारे गट यांच्यासाठी ही माहिती आहे. उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी, कोकण कन्याळ शेळ्या तसेच दख्खनी किंवा माडग्याळ मेंढी, या सर्वांना ती लागू पडते. रानडुक्कर, हरीण यांसारखे वन्यप्राणी वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली येतात. त्यांची शिकार करणे व मांस बाळगणे हा गुन्हा आहे, त्यामुळे त्यांचा विचार येथे केलेला नाही.

आधी नियम लक्षात घ्या

- मटण विकायचे असेल तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 नुसार नोंदणी किंवा परवाना लागतो.
- नगरपालिका व महानगरपालिका हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्यातच जनावर कापावे लागते.
- कत्तलखान्यासंबंधीच्या 2001 च्या केंद्रीय नियमांनुसार गाभण शेळी, तीन महिन्यांपेक्षा लहान पिल्लू असलेली शेळी आणि तीन महिन्यांखालील करडू कापता येत नाही. जनावराची पशुवैद्यकाकडून तपासणीही आवश्यक आहे.

कामे वेगळी, म्हणून हत्यारे वेगळी

सुरी विकत घेण्याआधी तिच्याकडून काय काम करून घ्यायचे ते ठरवा. बोकड कापल्यानंतर मुख्य कामे चार आहेत.

1. कातडे सोडवणे: येथे पाते कातड्याखालून सरकले पाहिजे, पण कातड्यात किंवा मांसात घुसता कामा नये.
2. पोट उघडून आतडी काढणे: येथे टोक सर्वांत धोकादायक असते. कोटीपोट, आतडी, पित्ताशय किंवा मूत्राशय यांपैकी काहीही फुटले तर आजूबाजूचे मांस कापून टाकावे लागते.
3. सांधे सोडवणे व हाडावरून मांस काढणे: येथे अरुंद पाते लागते, कारण ते सांध्याच्या फटीत वळवावे लागते.
4. हाडासकट तुकडे करणे: येथे धारेपेक्षा वजन महत्त्वाचे. बारीक सुरीने हाड तोडायला गेलात तर धार तुटते आणि सुरी घसरते.

पहिल्या तीन कामांना पातळ, हलकी सुरी हवी आणि चौथ्याला जड सत्तूर. मोठा कोयता चारही कामांत मधेच अडतो. सोलायला तो जड आणि लांब पडतो, तर हाडासाठी त्याची धार फार पातळ असते.

किमान कोणती हत्यारे घ्यावीत?

सोलण्याची सुरी: पाते 12 ते 15 सेंमी लांब, पुढच्या बाजूला वर वळलेले आणि गोलावा असलेले. या गोलाव्यामुळे टोक कातड्यापासून दूर राहते आणि धारेचा मधला भाग काम करतो. टोक फार अणकुचीदार नसावे. पात्याची पाठ 2 ते 3 मिमी जाड असली तर पुरे. यापेक्षा जाड पाते कातड्याखाली नीट सरकत नाही.

हाडे सोडवण्याची सुरी: पाते 13 ते 15 सेंमी लांब, 2 सेंमीच्या आसपास रुंद आणि सरळ. बोटाने दाबले तर किंचित लवणारे, पण सहज वाकणारे नाही. सांध्याभोवती फिरवणे, फासळ्यांवरून मांस काढणे आणि चरबी साफ करणे ही कामे हिच्याने होतात.

सत्तूर: बोकडासाठी साधारण 700 ग्रॅम ते 1 किलो वजनाचा सत्तूर पुरतो. पाठ 4 ते 6 मिमी जाड असावी. फार जड सत्तुराने हात लवकर थकतो आणि घाव चुकतो. सत्तुरासोबत चांगला ठोकळा हवाच. चिंचेचा ठोकळा त्यासाठी चांगला, कारण त्याचे लाकूड घट्ट असते आणि त्याचा भुसा कमी सुटतो.

जनावर तुम्हीच कापत असाल तर गळ्यासाठी वेगळी सुरी ठेवा. तिच्या पात्याची लांबी मानेच्या रुंदीच्या दुप्पट असावी. बोकडासाठी ती 20 ते 25 सेंमी येते. पाते सरळ, टोकाशी न वळणारे आणि एकही खाच नसलेले हवे. आखूड किंवा बोथट सुरीने घाव पुन्हा पुन्हा घालावा लागतो. त्याने जनावराला जास्त यातना होतात आणि रक्त नीट न निघाल्याने मटणाचा टिकाऊपणाही कमी होतो. ही सुरी पुढच्या कामांना वापरू नका.

मूठ: किंमत पाहण्याआधी हे पाहा

अपघात बहुतेक वेळा मुठीमुळे होतात. रक्त आणि चरबी लागली की गुळगुळीत मूठ हातातून पुढे सरकते आणि बोटे थेट पात्यावर जातात. म्हणून:

- मुठीच्या पुढच्या टोकाला बोट अडवणारा उंचवटा असावा. सोलण्याच्या आणि हाडे सोडवण्याच्या सुरीत तो नसेल तर ती सुरी घेऊ नका.
- मूठ खडबडीत प्लास्टिकची किंवा रबरासारख्या पकडीची असावी. लाकडी मूठ हाताला बरी वाटते, पण ती रक्त शोषते, भेगाळते आणि उकळत्या पाण्यात टिकत नाही. विक्रीसाठी मटण तयार करणाऱ्यांनी ती टाळावी.
- पाते आणि मूठ यांच्या सांध्यात फट नसावी. फटीत रक्त साचते, कुजते आणि तिथून जंतू पसरतात.
- मूठ तुमच्या तळहातात पूर्ण बसावी. महिला काम करणार असतील तर त्यांच्याच हातात देऊन पाहा. मोठ्या हातासाठी केलेली मूठ लहान हातात फिरते.

पोलाद कोणते?

स्टेनलेस: गंजत नाही, धुणे सोपे. कोकणासारख्या दमट भागात आणि विक्रीच्या कामासाठी हेच योग्य. मात्र पातळ पत्र्यापासून कापून काढलेल्या स्वस्त सुऱ्या धार धरत नाहीत. खाटीककामाच्या चांगल्या सुऱ्यांची कठीणता साधारण 54 ते 58 रॉकवेल असते. पाकिटावर हा आकडा दिला असेल तर पाहा. यापेक्षा फार कठीण पाते हाडाला लागून तुटू शकते आणि त्याला शेतावर धार लावणेही अवघड जाते.

कार्बन पोलाद: धार पटकन आणि छान लागते, पण ओले राहिले की गंजते. काम झाल्यावर लगेच धुऊन, पुसून, खाण्याच्या तेलाचा हात फिरवायची सवय असेल तरच घ्या.

लोहाराकडची कमानपाट्याची सुरी: गाडीच्या जुन्या कमानपाट्याचे पोलाद मूळचे चांगले असते. सत्तुरासाठी ते उत्तम. सुरीचा दर्जा मात्र लोहाराने पात्याला पाणी कसे दिले यावर ठरतो. पारख सोपी आहे. धारेजवळ नवी कानस हलक्या हाताने फिरवा. कानस लोण्यासारखी खात असेल तर पाते मऊ राहिले आहे. कानस नुसती घसरत असेल तर ते जास्त कडक आणि ठिसूळ आहे. किंचित चावून घसरणारी कानस म्हणजे पाणी बरोबर बसले. लोहाराला कागदावर आकार काढून द्या आणि पाठ किती मिमी हवी ते सांगा, नाहीतर तो सवयीने जाड पाते करून देईल.

दुकानात काय तपासावे?

1. पाते डोळ्यासमोर आडवे धरून धारेच्या रेषेत पाहा. रेषा सरळ हवी.
2. धार उजेडाकडे करा. धारेवर चमकणारा ठिपका दिसला तर तिथे ती बोथट किंवा तुटलेली आहे. तीक्ष्ण धारेवरून उजेड परत येत नाही.
3. वर्तमानपत्राचा कागद कापून पाहा. पूर्ण लांबीत न अडखळता कापला गेला पाहिजे.
4. हात ओला करून मूठ घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने मुठीचे मागचे टोक ढकलून पाहा. मूठ सरकली तर ती सुरी नको.
5. रिव्हेट असतील तर त्यांवर बोट फिरवा. उंच किंवा सैल रिव्हेट नको.

सोलताना: सुरी कमी, मूठ जास्त

चांगली सुरी घेऊनही कातडे खराब होते, कारण तिचा वापर गरजेपेक्षा जास्त होतो. शेळीचे कातडे पातळ असते. आतल्या बाजूने लागलेली, आरपार न गेलेली खूणसुद्धा कातडे कमावल्यावर कमकुवत जागा म्हणून दिसते आणि दर पडतो.

बोकड मागच्या पायांनी टांगा. पायांभोवती, मांड्यांच्या आतून आणि छाती-पोटाच्या मध्यरेषेवर एवढेच छेद सुरीने घ्या. छेद घेताना पाते कातड्याखाली घालून धार बाहेरच्या बाजूला, म्हणजे तुमच्याकडे न येता वर, ठेवा. आतून बाहेर कापल्याने केस कापले जात नाहीत. कापलेले केस मांसाला चिकटतात, सुटत नाहीत आणि धारही लवकर मारतात.

यानंतर बरगड्या, कूस आणि पाठ येथे सुरी बाजूला ठेवा. एका हाताने कातडे ताणून धरा आणि दुसऱ्या हाताची बंद मूठ कातडे व मांस यांच्यामध्ये दाबत न्या. ताजे असताना ते सहज सुटते. पाय, छातीचे हाड, मान आणि शेपूट या घट्ट जागी पुन्हा सुरी घ्या आणि तिची धार किंचित मांसाकडे नाही, कातड्याकडेही नाही, तर मधल्या पांढऱ्या पडद्यावर ठेवा.

कातडे सोलून झाले की त्यावरची चरबी व मांस काढा, सावलीत थंड होऊ द्या आणि त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर, वजनाच्या 40 ते 50 टक्के मीठ आतल्या बाजूला चोळा. उन्हात वाळवू नका.

पोट उघडताना

धोका कमी करण्याची तयारी आदल्या दिवशीच सुरू होते. कापण्याआधी 12 ते 24 तास चारा-खुराक बंद ठेवा, पाणी मात्र भरपूर द्या. कोटीपोट फुगलेले नसेल तर सुरीचे टोक त्याला लागण्याची शक्यता कमी होते.

- आधी गुदद्वाराभोवती सुरी फिरवून गुदनलिका सोडवा आणि दोरीने बांधा. मानेकडे अन्ननलिकाही बांधा.
- पोटाच्या भिंतीला वरच्या बाजूला लहान छेद घ्या. डाव्या हाताची दोन बोटे आत घालून भिंत बाहेर उचला. सुरी त्या दोन बोटांच्या मध्ये, धार बाहेरच्या बाजूला ठेवून खाली आणा. टोक कायम बोटांच्या आडोशाला राहिले पाहिजे.
- मूत्राशय आणि पित्ताशय हाताने धरून वेगळे करा. पित्त सांडले तर तो भाग धुऊन कडूपणा जात नाही, कापून काढावा लागतो.
- जनावर कापल्यापासून अर्ध्या तासात पोट रिकामे करण्याचा प्रयत्न करा.

तरीही आतडे फुटलेच, तर मांसावर पाणी ओतू नका. पाण्याने घाण सगळीकडे पसरते. माखलेला भाग स्वच्छ सुरीने कापून टाका. 30 किलोच्या बोकडापासून साधारण 13 ते 15 किलो मटण मिळते. त्यातले अर्धा किलो असे कापून टाकावे लागले तर साडेतीन टक्क्यांच्या आसपास माल गेला.

सांधे सोडवताना

बोकडाचा पुढचा पाय धडाला हाडाने जोडलेला नसतो, फक्त स्नायूंनी धरलेला असतो. पाय बाहेर ओढून बगलेतून अरुंद सुरी फिरवली की तो सत्तुराशिवाय सुटतो. मागच्या पायात खुब्याचा सांधा शोधा. पाय हलवून पाहिला की गोळा कुठे फिरतो ते बोटाला कळते. तिथे टोक घालून सांध्यातली शीर कापा. पाठीच्या मणक्यांमध्येही सुरी फटीतून जाते.

सत्तूर फक्त रश्शासाठी हाडासकट तुकडे करताना वापरा. एकाच जागी एकच घाव घाला. दोन-तीन अर्धवट घाव घातले की हाडाचा चुरा होतो आणि तो गिऱ्हाइकाच्या दाताखाली येतो. नियमित विक्री असेल तर हाडे कापण्याची हातकरवत घेणे फायद्याचे ठरते.

धार कशी राखावी?

बोथट सुरीला जोर जास्त लावावा लागतो आणि जोर लावलेली सुरी घसरली की ती थांबत नाही. म्हणून धार ही सुरक्षिततेची बाब समजा.

- धारेचा कोन: सोलण्याच्या आणि हाडे सोडवण्याच्या सुरीला प्रत्येक बाजूने 18 ते 20 अंश, सत्तुराला 25 ते 30 अंश.
- कोन मोजायची सोपी पद्धत: पाते 3 सेंमी रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून सुमारे 1 सेंमी उचला, म्हणजे साधारण 20 अंश होतात. 2 सेंमी रुंद पात्यासाठी पाऊण सेंमीपेक्षा किंचित कमी उचला.
- साधन: 1000 नंबरचा पाण्याचा दगड पुरतो. दगडाखाली ओले फडके ठेवा म्हणजे तो हलणार नाही.
- कामाच्या मधे: धार लावायची पोलादी सळई वापरा. प्रत्येक बाजूने पाच-सहा हलके हात पुरे. सळईने वाकलेली धार सरळ होते, पण झिजलेली धार परत येत नाही. त्यासाठी दगडच लागतो.
- फिरत्या चाकावर धार लावून घेताना पाते वरचेवर पाण्यात बुडवायला सांगा. धारेवर निळा रंग आला की तिथले पाणी उतरले, म्हणजे पोलाद मऊ झाले. त्यानंतर ती धार टिकत नाही.

स्वच्छता

- बाहेरून कातडे कापणारी सुरी आणि आतले मांस कापणारी सुरी वेगळी ठेवा. मुठीचे रंग वेगळे घेतल्यास गोंधळ होत नाही.
- सुरी खाली पडली, आतडे लागले किंवा गाठ-पू दिसला तर ती लगेच बदला.
- काम संपल्यावर आधी थंड पाण्याने रक्त काढा. गरम पाणी आधी वापरले तर रक्त पात्यावर घट्ट बसते. मग साबण, आणि शेवटी 82 अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम पाण्यात बुडवा. थर्मामीटर नसेल तर नुकतेच उकळलेले पाणी वापरा.
- कोरडी करून म्यानात किंवा लाकडी पट्टीवर ठेवा. पिशवीत एकत्र टाकलेल्या सुऱ्यांची धार एकमेकींवर आपटून जाते.

सुरी हातात घेऊ नये अशी वेळ

अचानक मेलेले, नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळे रक्त येत असलेले जनावर कधीही सोलू किंवा फाडू नका. ते काळपुळी असू शकते. शव उघडले की जंतू हवेशी संपर्क येऊन बीजाणू बनवतात. ते मातीत अनेक वर्षे टिकतात आणि माणसालाही हा रोग होतो. पशुवैद्यकाला कळवा आणि त्यांच्या सल्ल्याने चुना टाकून खोल खड्ड्यात पुरा.

शेळी गाभडलेली असेल, कळपात गर्भपात होत असतील किंवा जनावराच्या अंगावर गोचीड असतील तर विशेष काळजी घ्या. ब्रुसेलोसिस आणि क्रिमियन-काँगो ताप हे रोग रक्त व स्रावांतून माणसाला लागू शकतात. हातावर जखम असेल तर हातमोज्याशिवाय काम करू नका. सुरी नसलेल्या हातात कापापासून वाचवणारा जाळीदार मोजा आणि त्यावर रबरी मोजा घाला. धनुर्वाताची लस घेतलेली आहे याची खात्री करा. हात कापला तर साबण-पाण्याने भरपूर धुऊन जखम दाबून धरा आणि दवाखान्यात जा. तिथे जनावराच्या कामात कापले हे आवर्जून सांगा.

खर्च कमी असेल तर कोणत्या क्रमाने घ्यावे?

पहिल्यांदा चांगली सोलण्याची सुरी आणि दगड घ्या. दगडाशिवाय महागडी सुरीसुद्धा दोन-तीन बोकडांनंतर मूळ कोयत्यासारखीच होते. त्यानंतर हाडे सोडवण्याची सुरी आणि जाळीदार मोजा. सत्तूर गावच्या लोहाराकडून करून घेता येतो. करवत शेवटी.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी: गटाला प्रशिक्षण देताना फक्त हत्यारांची यादी देऊ नका. प्रत्येक सदस्याकडून धार लावून कागद कापून घ्या आणि कातडे सोडवताना मुठीचा वापर करून दाखवा. पुढच्या भेटीत तीन गोष्टी विचारा: कातड्याला किती भोके पडली, आतडे फुटले का, कोणाचा हात कापला का. भोके जास्त असतील तर सुरीचा आकार आणि सोलण्याची पद्धत तपासा, आतडे फुटत असेल तर उपाशी ठेवण्याचा काळ आणि टोक, हात कापत असेल तर मूठ आणि धार.